तारेचं बूच करताना या चुका टाळा

साकीनाक्याच्या माझ्या गाळ्यात तार वाकवण्याचं काम चालतं. स्प्रिंगा, हुक, कड्या, क्लिपा. गेल्या काही वर्षांत तिथे दोन नव्या प्रकारची माणसं यायला लागली आहेत. एक म्हणजे घरी आल्याचा सोडा किंवा कोम्बुचा (आंबवलेला चहा) करणारे, आणि दुसरी डिझाइन शिकणारी मुलं. दोघांनाही हवं असतं काचेच्या बाटलीला पुन्हा पुन्हा लावता येईल असं तारेचं बूच. वर चिनीमातीचा गोळा, त्याखाली रबराचा वायसर, दोन्ही बाजूंनी तारेची कडी आणि ती ताणून धरायला खाली दाबायचा खटका. दिसायला सोपं, म्हणून कुणी त्याचा नीट विचार करत नाही. काम काचेचं आणि आत कोंडलेल्या गॅसचं आहे, तिथे चूक झाली तर कुणाच्या तरी डोळ्यावर जाते. म्हणून हे लिहायला बसलो.

हा खटका जुना आहे. अमेरिकेत चार्ल्स डी क्विलफेल्टने त्याचं पेटंट १८७५ साली घेतलं. १८९२ मध्ये विल्यम पेंटरचं पत्र्याचं क्राऊन बूच आलं, ते स्वस्त होतं, यंत्राने भराभर लागायचं, आणि कारखान्यांतून तारेचं बूच हळूहळू मागे पडलं. पण एकदा उघडलेली बाटली पुन्हा तितकीच घट्ट बंद करायची, तीही हाताने आणि अवजाराशिवाय, तर या खटक्याला आजही तोड नाही.

एकच बाटली मोजून चित्र काढणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

खटक्याचं काम तीन बिंदूंवर चालतं. बुचातलं भोक, कडी आणि खटका जिथे जोडले जातात तो सांधा, आणि खटका बाटलीच्या मानेवरच्या तारेत जिथे फिरतो तो सांधा. खटका खाली दाबताना हे तीन बिंदू एका सरळ रेषेत येतात, तेव्हा तारेवर सगळ्यात जास्त ताण असतो. तिथून खटका आणखी थोडा पुढे, मानेकडे गेला पाहिजे. एकदा रेषा ओलांडली की आतला गॅस बूच वर ढकलतो, बूच कडीला ओढतं आणि कडी खटक्याला आणखी मानेवर दाबून धरते. म्हणजे गॅसच कुलूप लावतो. रेषा ओलांडलीच नाही तर तीच ओढ खटका उघडायला मदत करते.

एक मुलगा प्रदर्शनासाठी बारा बाटल्यांची बुचं करून घेऊन गेला. चित्र सुंदर होतं, मापं दशांशापर्यंत लिहिलेली. मी विचारलं, "मान किती बाटल्यांची मोजलीस?" तो म्हणाला, "काका, सगळ्या सारख्याच आहेत, एकाच दुकानातून घेतल्यात." त्याला घाई होती, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. मी तार वाकवून दिली.

सकाळी दादरहून ठाण्याला जाताना बाटल्या त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होत्या. निघताना थंडगार, आत भरलेला सोडा. कुर्ला सुटल्यावर एका बाटलीचा खटका आपोआप उघडला, घाटकोपर यायच्या आत आणखी तीन. पिशवी, वही, शर्ट सगळं सोड्याने भिजलं आणि डब्यातली माणसं दचकली. मोकळी झालेली बुचं कडीला लटकलेली होती म्हणून कुणाला लागलं नाही.

परत आल्यावर आम्ही वर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन बाराही माना मोजल्या. त्याने मोजलेली मान २८ मिलिमीटरची होती. उघडलेल्या चारही बाटल्यांच्या माना एक ते दीड मिलिमीटर जाड. त्या बाटल्यांवर खटका रेषेच्या अलीकडेच मानेला टेकला होता. हाताला मात्र वाटायचं की पूर्ण बसला. थंड असताना घर्षणाने तो तग धरून राहिला. गाडीचे हिसके बसले, पिशवीत बाटल्या गरम झाल्या, दाब वाढला आणि खटका सुटला.

काच साच्यात फुंकली जाते. बाहेरचं माप साच्याचं असलं तरी साचा झिजतो, आणि दुकानातल्या एका खोक्यात अनेक साच्यांचा माल एकत्र येतो. तेव्हा निदान दहा बाटल्या मोजा. प्रत्येक बाटलीची मान दोन जागी मोजा, कारण ती गोल असेलच असं नाही. सगळ्यात जाड मानेवर खटका रेषा ओलांडून निदान दोन मिलिमीटर पुढे गेला पाहिजे. दोन मिलिमीटर हे कुठल्या पुस्तकातलं माप नाही, माझ्या हाताचं आहे. त्या मुलाच्या प्रकारानंतर त्याहून कमी ठेवून मी माल दिलेला नाही. फार पुढे नेलात तर ताण सैलावतो आणि बूच झिरपायला लागतं, तेही बघा.

गळतंय म्हणून नुसतं आवळणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

गिरगावात राहणाऱ्या आमच्या वहिनी आल्याचा सोडा करतात. आलं, साखर, लिंबू, आणि घरीच धरलेलं आंबवण. एका मार्चमध्ये त्यांचा फोन आला, "भावोजी, बुचातून गॅस जातो, दोन दिवसांत सोडा फुसका होतो. जरा घट्ट करून द्या." त्यांनी दहा कड्या पाठवल्या. मी प्रत्येक कडी अर्धा मिलिमीटर आखूड करून दिली. बाटली कुठली, हे विचारलं नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला, एकदम छान बसलंय, थेंब गळत नाही.

मे महिन्यात भर दुपारी ओट्याखालच्या कपाटात एक बाटली फुटली. तिने शेजारच्या दोन फोडल्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कपाटाच्या लाकडी दारात काचेचे तुकडे रुतून बसले होते, मी स्वतः पक्कडीने काढले. वहिनींचा नातू त्या दाराशी बसून खेळतो.

मग हिशेब केला. साखर आंबते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरमागे सपाट एक चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर एक लिटर पेयात जवळजवळ एक लिटर गॅस तयार होतो. बाजारातल्या सोड्यात तो तीन-चार लिटर असतो. वहिनींच्या पाककृतीत लिटरला ८० ग्रॅम साखर होती. ती सगळी आंबली असती तर वीस लिटर गॅस. तेवढा कुठलीही बाटली पेलत नाही.

त्यात मुंबईचा उन्हाळा. लिटरला तीन लिटर गॅस असलेली बाटली फ्रिजमध्ये साधारण एक किलो प्रेशर (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाखवते, पण ३२ अंशांच्या खोलीत तेच पावणेचार-चार किलोवर जातं. गॅस तेवढाच, पण गरम पाणी त्याला धरून ठेवत नाही.

आणि बाटल्या होत्या चौकोनी, सरबतासाठी शोभेच्या. गोल बाटलीवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनी बाटलीची सपाट बाजू फुगू पाहते आणि सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. अशा बाटलीत गॅसचं पेय कधीच भरू नये, बूच कितीही चांगलं असो. आधी ते बूच गळत होतं म्हणून बाटली वाचत होती. मी गळती बंद केली आणि दाबाला काच फोडण्याशिवाय वाट उरली नाही.

तेव्हापासून बाटली हातात घेऊन बघितल्याशिवाय मी एकही कडी वाकवत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. आंबवायचं असेल तर सोड्याची किंवा बिअरची जाड, गोल, बिनओरखड्याची बाटली घ्या, साखर तोलून घाला, आणि त्याच घाण्यातलं थोडं पेय प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरून शेजारी ठेवा. ती दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये. यूट्यूबवर बघून पहिल्याच दिवशी तीस बाटल्या भरणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, आधी दोन भरा.

तार आधी, रबर शेवटी

सगळे जण तारेपासून सुरुवात करतात, कारण तार दिसते. मी वायसरपासून करतो. वायसर जाडीच्या पाव हिश्श्याइतका दाबला जायला हवा. तीन मिलिमीटरचा असेल तर पाऊण मिलिमीटर. तेवढा दाबायला किती जोर लागतो ते आधी वजनं ठेवून पाहा. मग त्यात गॅसचा जोर मिळवा. वायसर काचेला टेकतो तिथला व्यास १८ मिलिमीटर धरला, तर चार किलो प्रेशरला बूच जवळपास दहा किलोंनी वर उचललं जातं. तारेने हे दोन्ही मिळून पेलायचं. हा आकडा हातात आला की तारेची जाडी ठरते. त्याआधी ठरवलेली जाडी हा नुसता अंदाज.

रबर कुठलं, यावर लोक विचारच करत नाहीत. नागदेवी स्ट्रीटवरून काळी शीट आणायची, पंचने वायसर पाडायचे, झालं काम. ती शीट बहुतेक वेळा पंपासाठी आणि पाइपासाठी असते. तिचा वास कोकमाच्या सरबताला लागतो आणि जात नाही. खाण्यापिण्याच्या दर्जाचंच रबर मागा. दुकानदार पटकन सिलिकॉन पुढे करतो. सिलिकॉन उकळता येतं, वास नाही, वर्षानुवर्षं टिकतं, सरबताला उत्तम. पण त्यातून गॅस हळूहळू झिरपतो, म्हणून महिनाभर ठेवायच्या सोड्याला मी ते वापरत नाही. त्याला नैसर्गिक रबर किंवा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर. खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलाची बाटली असेल तर हे दोन्ही फुगून मऊ पडतात, तिथे नायट्राइल, म्हणजे तेल सोसणारं कृत्रिम रबर, लावा. एकच वायसर सगळ्याला चालतो म्हणणाऱ्या दुकानातून मी काही घेत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

बांधकामाची मऊ तार वापरू नका. पहिल्या दिवशी ती छान वाकते आणि दहाव्या दिवशी वाकलेलीच राहते. स्प्रिंगचा कडकपणा असलेली स्टेनलेस तारच हवी.

जस्ताचा मुलामा दिलेली तार लिंबू, कोकम, चिंच यांच्या जवळ नको. आंबट रस जस्त विरघळवतो आणि ते पेयात उतरतं. समुद्राजवळच्या घरांत ३०४ या नेहमीच्या प्रतीच्या स्टेनलेसवरही तांबूस डाग पडतात. वरळी-दादरच्या गिऱ्हाइकाला मी ३१६ ही गंज जास्त सोसणारी प्रत घ्यायला सांगतो. महाग पडते, पण घ्या.

बाटलीच्या ओठावरून नख फिरवा. साच्याची शिवण किंवा टवका नखाला लागला, तर वायसर बदलून काही होणार नाही. बाटली बदला.

कडीच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या हव्यात. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बूच तिरकं बसवतो. मग लोक वायसरला दोष देतात.

वायसर बुचाला चिकटवू नका. तो काढून धुवायचा असतो. त्याच्याखाली काळी बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास.

गोटी सोड्याची नक्कल

डिझाइनची मुलं हे हटकून विचारतात. त्यापेक्षा गोटीचं बूच का नको, काका? गोटी सोडा मुंबईचा लाडका, म्हणून प्रश्न जवळचा वाटतो. हायरम कॉडने ती बाटली इंग्लंडमध्ये १८७२ साली आणली. युक्ती फार सुंदर आहे. बाटली उलटी धरून भरायची. सरळ केली की आतला गॅसच गोटीला मानेतल्या रबराच्या कड्यावर दाबून बसवतो. दाब वाढेल तशी गोटी आणखी घट्ट. तारेच्या बुचात दाब बूच उचलायला बघतो, इथे तोच बूच लावतो. मला ही बाटली मनापासून आवडते.

पण घरात तिचा उपयोग नाही. अर्धी पिऊन ठेवायची म्हटलं तर गॅस निघून गेलेला असतो, गोटीला वर दाबून धरणारं काही उरत नाही. मानेच्या खोबणीत ब्रश जात नाही, त्यामुळे आंबवलेल्या पेयानंतर ती नीट धुता येत नाही. आणि ती मान साध्या साच्यात होत नाही. पुन्हा पुन्हा भरता येणं आणि पुन्हा पुन्हा बंद करता येणं या दोन वेगळ्या गरजा आहेत. गोटीची बाटली पहिली भागवते, तारेचं बूच दोन्ही.

हवेने चाचणी

शेवटची चूक सगळ्यात धोक्याची. बूच तयार झालं की उत्साहाने बाटलीला कॉम्प्रेसर लावून बघतात. कृपा करून हे करू नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. काच फुटली की तुकडे गोळीसारखे सुटतात. चाचणी पाण्याने करा. बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि बुचाला भोक पाडून तिथून नळजोडणीवाल्यांकडे असतो तो हाताचा टेस्ट पंप जोडा. पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही, त्यामुळे काच फुटली तरी तुकड्यांना तो जोर नसतो. तरीही बाटली पिंपात ठेवायची, वर ओलं गोणपाट आणि डोळ्यांना चष्मा. मी सहा किलोपर्यंत नेतो, दहा मिनिटं थांबतो आणि वायसरच्या खाली मानेभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून बघतो. कागद ओला झाला तर कडीला हात लावायच्या आधी ओठ, मग वायसर, मग मान, याच क्रमाने पुन्हा मोजायला लागतो.