कोळशाचा कुठला वीजप्रकल्प प्रदूषणाच्या नियमात येतो हे शोधताय? या चुका टाळा

गोव्यात कोळशावर चालणारा एकही वीजप्रकल्प नाही, पण आपल्या घरातला पंखा बऱ्याच अंशी कोळशावरच फिरतो. गोव्याचं वीज खातं एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीच्या कोरबा, विंध्याचल, सिपत, रामागुंडम अशा लांबच्या प्लांटांकडून वीज घेतं, आणि तिथे प्रदूषण कमी करायची यंत्रं बसली की त्याचा खर्च दरात येतो, नाही बसली तर तिथली माणसं ती हवा खातात. म्हणून हे नीट शोधता यायलाच हवं असं मला वाटतं.

पहिली चूक म्हणजे भलत्याच ठिकाणी शोधणं. वास्कोत बाल्कनीवर जी काळी पूड बसते ती मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाची, आणि त्यातला मोठा भाग कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. तो प्रश्न गंभीर आहेच, पण त्याला वीजप्रकल्पांच्या धुराचे नियम लागत नाहीत, त्यासाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि तिच्यातल्या अटी बघायच्या. सांकवाळचा जुना ४८ मेगावॅटचा प्लांट नाफ्त्यावरचा, दाभोळचा गॅसवरचा आणि शेजारचा कैगा तर अणुऊर्जेचा, म्हणजे हे तिन्ही यादीतून सरळ काढून टाका. आणि गोव्यात वीज आणणाऱ्या तमनार लाइनचं नाव ऐकून 'आता तमनारच्या कोळशाची वीज थेट गोव्यात' असं धरून चालू नका. त्या एका प्रकल्पात दोन वेगळी कामं एकत्र बांधलीत, छत्तीसगडातल्या तमनारकडचं वेगळं, आणि गोव्याकडचं म्हणजे धारवाडजवळच्या नरेंद्र सबस्टेशनपासून शेल्डेपर्यंतची लाइन. लाइनच्या नावावरून वीज कुठल्या प्लांटची ते कळत नाही. या लाइनसाठी मोलेच्या जंगलातली झाडं जाण्याचा मुद्दा वेगळा, तो त्याच्या जागी खराच आहे.

मग बघायचं कुठे? संयुक्त वीज नियामक आयोगाच्या गोव्यासाठीच्या दर आदेशात वीज खरेदीचा तक्ता असतो, तो उघडा. तिथे नावं तुटक असतात आणि इथेच बरेच जण घसरतात. केएसटीपीएस म्हणजे आपल्यासाठी कोरबा, पण राजस्थानातला कोटाही तेच नाव लावतो, आणि आरएसटीपीएस म्हणजे रामागुंडम, तर आरटीपीएस म्हणजे रायचूर. नुसतं 'कोरबा' लिहून सर्च केलं तरी घोळ होतो कारण त्या गावात एनटीपीसीशिवाय राज्य कंपनीचे आणि बाल्को या अॅल्युमिनियम कंपनीचेही प्लांट आहेत. मुंद्र्यालाही तसंच, टाटांचा ४००० मेगावॅटचा वेगळा आणि अदानींचा ४६२० चा वेगळा. मालक, जिल्हा आणि मेगावॅट, तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता सगळ्यात मोठी चूक. लोक प्लांट बघतात, नियम मात्र युनिटला, म्हणजे प्लांटमधल्या एकेका वीजसंचाला लागतो. ७ डिसेंबर २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेत युनिट कधी बसलं आणि केवढं आहे यावर मर्यादा ठरल्यात. २००३ संपेपर्यंतच्या युनिटला धुळीची मर्यादा दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधल्याला ५०, आणि २०१७ पासूनच्याला ३०. सल्फर डायऑक्साइडला २०१७ आधीच्या युनिटांसाठी ५०० मेगावॅटच्या खाली ६०० आणि ५०० किंवा जास्त असेल तर २००, नव्यांना १००. आता रामागुंडम घ्या. २६०० मेगावॅट असा एकच आकडा आपण वाचतो, पण आत २०० ची तीन आणि ५०० ची चार युनिटं आहेत, बाकीची ८० च्या दशकातली आणि सातवं तेवढं २००४ चं. म्हणजे सातव्याला धुळीचा नियम ५० चा आणि शेजारच्या सहाव्याला १०० चा, त्यात परत २०० वाल्यांना सल्फरचा ६०० चा आणि ५०० वाल्यांना २०० चा. आणि तिथेच एनटीपीसीचा तेलंगणा प्रकल्प उभा राहिलाय ८०० च्या दोन युनिटांचा, त्याला नव्या युनिटांचे सगळ्यात कडक आकडे. एका गेटच्या आसपास इतके प्रकार, मग 'रामागुंडम नियमात बसतं का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर कसं देणार?

जुन्या तारखा वापरणं ही पण नेहमीचीच चूक. या मर्यादा पाळायची मुळात मुदत डिसेंबर २०१७ होती, ती ढकलत ढकलत गेली. ३१ मार्च २०२१ ला जागेनुसार प्लांटांचे ए, बी, सी असे वर्ग आले. ए म्हणजे दिल्ली राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या १० किमीच्या आत, बी म्हणजे अतिप्रदूषित भाग किंवा हवेचे निकष न पाळणारं शहर यांच्या १० किमीच्या आत, उरलेले सी. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरायची, आजच्या अंदाजाची नाही. सोलापूर आता दहा लाखांच्या वर गेलं असेल असं वाटतं, पण त्या जनगणनेत साडेनऊ लाखच होतं. आणि नकाशावर स्वतः पट्टी लावून वर्ग ठरवत बसू नका, अधिकृत यादीत काय लिहिलंय तेच धरा.

११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने सल्फरचं चित्रच बदललं. ए वाल्यांना २०२७ अखेरची मुदत, बी वाल्यांचं प्रकरणानुसार ठरणार, आणि सी वाल्यांना, म्हणजे देशातली बहुतेक युनिटं, चिमणीच्या उंचीचा निकष पाळला तर सल्फरच्या मर्यादेतून सूट. हे वाचून 'सी म्हणजे सगळं माफ' असं लिहिणारे खूप दिसतात आणि ते साफ चूक आहे!! धूळ, नायट्रोजन ऑक्साइड, पारा, पाणी यांचे नियम जागेवरच आहेत आणि सी वर्गासाठी त्यांची मुदत २०२४ अखेरच संपलीय.

एफजीडीचं, म्हणजे धुरातलं सल्फर काढणाऱ्या यंत्राचं, केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या तक्त्यात 'काम दिलं' असं दिसलं तर बसलं असं समजू नका, आणि बसलं म्हणजे रोज चालतंच असंही नाही. डोळ्यांवर तर अजिबात जाऊ नका, कूलिंग टॉवरमधून निघतो तो पांढरा लोट पाण्याच्या वाफेचा असतो, सल्फर डायऑक्साइड दिसतच नाही.

दोन तक्त्यांत वेगळं दिसलं तर तारीख बघा, नवीन असेल तो धरा. तरी जुळलं नाही तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्या प्लांटचा पर्यावरण परवाना आणि सहामाही अहवाल शोधा. आणि एनटीपीसी सरकारी कंपनी आहे, तिला माहितीचा अधिकार लागतो, अर्ज टाका, पण अर्जात प्लांटचं नाव लिहून थांबू नका, युनिट नंबर घाला, वर्ग कुठला ते विचारा आणि चिमणीवरच्या मोजणीचे महिन्यावार आकडे मागा, नाहीतर उत्तरात पूर्ण प्लांटची सरासरी येते आणि तिचा काहीच उपयोग होत नाही.