फ्री एजंट पिचरशी करार करण्यापूर्वी त्याचा हात कसा जोखावा

वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपली की अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये करारातून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, म्हणजे फ्री एजंटांचा, बाजार भरतो आणि त्या बाजारातली सर्वांत जोखमीची खरेदी पिचरची, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, असते. फलंदाजाचा सूर हरपला तरी तो बहुधा मैदानावर उतरतो आणि संघाला थोडेफार देत राहतो. पिचरच्या कोपरातला एक अस्थिबंध तुटला, तर तो वर्ष-दीड वर्ष काहीही देऊ शकत नाही, पगार मात्र सुरूच राहतो, कारण या लीगमधील मोठ्या करारांतली रक्कम हमीची असते. ही जोखीम पूर्णपणे टाळता येत नाही, पण तिचा अंदाज बांधता येतो. आपल्या संघाने अमुक पिचर घ्यावाच असा आग्रह धरण्यापूर्वी, किंवा तसा करार झाल्याची बातमी वाचून तो चांगला की वाईट हे ठरवताना, काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी किंमत कशी ठरते ते लक्षात घ्यावे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू सहसा फ्री एजंट होत नाही. त्यामुळे बाजारात येणारा पिचर बहुतेक वेळा अठ्ठावीस ते एकतीस वर्षांचा असतो आणि त्याच्या हाताने सर्वाधिक काम आधीच केलेले असते. नवा संघ पैसे मोजतो ते मागच्या कामगिरीकडे पाहून, पण त्याला मिळणार असते पुढची कामगिरी. ही तफावत फ्री एजन्सीइतकीच जुनी आहे. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी ज्या दोघांना मोकळे केले, ते अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोघेही पिचर होते. त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या बाजारात क्लीव्हलंडने वेन गारलंडशी दहा वर्षांचा, २३ लाख डॉलरचा करार केला. १९७६ मध्ये त्याने बाल्टिमोरकडून वीस सामने जिंकले होते (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावरही नोंदवला जातो). नव्या संघात येताच त्याचा खांदा दुखावला आणि क्लीव्हलंडसाठी पाच हंगामांत त्याच्या नावावर २८ विजय आणि ४८ पराभव लागले. तेव्हापासून रकमा शेकडो पटींनी वाढल्या, पण खांद्याची आणि कोपराची रचना तीच राहिली.

म्हणून पहिली तपासणी शरीराची करावी. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा. गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे वेगवान गोलंदाजाची पाठ आधी कुरकुरते. पिचर मात्र चेंडू फेकतो. त्याचा हात मागे वाकतो आणि क्षणार्धात पुढे झटकला जातो, आणि तो सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. हा अस्थिबंध तुटल्यावर शरीरातलाच दुसरा स्नायुबंध तेथे बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली आणि तिला त्याचेच नाव पडले. जॉनने आपल्या २८८ विजयांपैकी १६४ विजय त्यानंतर मिळवले, त्यामुळे ही शस्त्रक्रिया म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे, तर एक लांबलेला खंड असतो, अशी समजूत रूढ झाली. ती बऱ्याच अंशी खरी आहे, पण परतायला बारा ते अठरा महिने लागतात आणि पाच वर्षांच्या करारातून तेवढा काळ वजा झाला की हिशेब पार बदलतो. खांद्याची दुखापत मला त्याहूनही अधिक चिंताजनक वाटते, कारण तिच्यावर इतका भरवशाचा इलाज अजून नाही.

प्रत्यक्षात पाहायचे ते असे. मागच्या तीन हंगामांत तो पिचर जखमी खेळाडूंच्या यादीत किती वेळा गेला, किती दिवस राहिला आणि दरवेळी तक्रार कुठल्या भागाची होती, हे मांडावे. टाच मुरगळणे आणि ‘दंडात जडपणा’ या दोन नोंदींचे वजन सारखे नसते. त्यानंतर त्याच्या वेगवान चेंडूचा सरासरी वेग वर्षागणिक आणि हंगामातल्या महिन्यागणिक पाहावा. २०१५ पासून स्टॅटकास्ट या लीगच्या चेंडू-मापन यंत्रणेमुळे ही माहिती कोणालाही मिळते. वेग कमी होत असेल तर ती धोक्याची खूण आहेच, पण वयाच्या तिशीत वेग वाढत असेल तर तेही निश्चिंत होण्याचे कारण नाही. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पिचरच्या दुखापतींवरील अहवालात, अधिकाधिक वेगाचा ध्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकण्याची सवय, ही दुखापती वाढण्याची प्रमुख कारणे म्हणून पुढे आली.

स्टीफन स्ट्रासबर्गचे उदाहरण मी पुन्हा पुन्हा आठवतो, कारण त्यात कोणी निष्काळजीपणा केला असे म्हणता येत नाही. २०१० मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. २०१९ च्या नियमित हंगामात त्याने २०९ इनिंग टाकल्या (येथे तीन फलंदाज बाद केले की एक इनिंग पूर्ण होते), त्यानंतर बाद फेऱ्यांत आणखी छत्तीसहून अधिक, आणि वॉशिंग्टनला जेतेपद मिळवून देताना तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या डिसेंबरात संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. पुढे गळ्याच्या हाडाखाली नसा दाबल्या जाण्याच्या विकारावर त्याला शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या संपूर्ण करारात तो केवळ आठ सामने, म्हणजे ३१ इनिंगच्या थोडे पुढे, खेळू शकला. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. शेवटच्या मोठ्या हंगामात केलेले काम गौरवाचे असले, तरी खरेदीदाराने ते हातावरचा बोजा म्हणूनही मोजले पाहिजे.

शरीरानंतर आकडे. केवळ ईआरए, म्हणजे पिचरने नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा दिल्या हा आकडा (जितका कमी तितका चांगला), पाहून मत बनवू नये. चेंडू फलंदाजाच्या बॅटला लागून मैदानात गेल्यावर तो झेलला जातो की जागा शोधतो, हे क्षेत्ररक्षकांवर आणि नशिबावर बरेच अवलंबून असते, असे आकड्यांचे अभ्यासक वोरोस मॅकक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडले आणि तेव्हापासून जाणकार आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट दिलेला तळ) आणि होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेले फटके) पाहतात. बॅरी झिटोचे आकडे या दृष्टीने वाचावेत. २००२ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार जिंकला तेव्हा त्याचे १८२ स्ट्राइकआउट आणि ७८ वॉक होते. २००६ मध्ये स्ट्राइकआउट १५१ वर उतरले आणि वॉक ९९ झाले. त्या वर्षी त्याचा ईआरए ३.८३ असल्याने ही घसरण झाकली गेली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले आणि त्या काळात तो ६३ सामने जिंकला, ८० हरला. मला त्याच्याविषयी आदर आहे, कारण २०१२ च्या बाद फेऱ्यांत संघ हरण्याच्या काठावर असताना त्याने जिंकून दिलेला सामना विसरता येत नाही. तरीही कराराची पारख करताना ती एक रात्र आणि सात वर्षे वेगवेगळी तोलावी लागतात.

मैदानही तपासावे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत फटका लांब जातो आणि वळणारा चेंडू पुरेसा वळत नाही. डिसेंबर २००० मध्ये डेन्व्हरमधल्या कोलोराडो संघाने माइक हॅम्प्टनला आठ वर्षांसाठी १२ कोटी १० लाख डॉलर दिले. पहिल्या वर्षी त्याचा ईआरए ५.४१ होता, दुसऱ्या वर्षी ६.१५, आणि त्या हंगामानंतर संघाने त्याला दुसरीकडे पाठवले.

आणखी एक प्रश्न अनेकजण विचारतच नाहीत: जुना संघ त्याला का सोडतो आहे? त्या संघाच्या डॉक्टरांनी आणि प्रशिक्षकांनी तो हात वर्षानुवर्षे जवळून पाहिलेला असतो. खर्च करण्याची ऐपत असलेला संघ आपल्याच उत्तम पिचरसाठी बोली लावत नसेल, तर थांबून विचार करावा. २०२४ पर्यंत ओकलंडमध्ये खेळलेल्या ॲथलेटिक्ससारखा काटकसरीचा संघ असेल, तर मात्र त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

आता कराराच्या मजकुराकडे वळावे, कारण जोखीम कमी करण्याची खरी संधी तेथेच असते. घोषणा झाली म्हणजे करार पक्का झाला असे समजू नये, वैद्यकीय तपासणी बाकी असते. डिसेंबर २०१३ मध्ये बाल्टिमोर आणि ग्रँट बाल्फोर यांच्यातला १ कोटी ५० लाखांचा, तर डिसेंबर २०१५ मध्ये डॉजर्स आणि हिसाशी इवाकुमा यांच्यातला ४ कोटी ५० लाखांचा ठरलेला व्यवहार तपासणीनंतर फिसकटला. पण दोष आढळला म्हणून माघारच घ्यावी लागते असे नाही. केंटा माएदाच्या कोपराविषयी शंका निघाल्यावर डॉजर्सने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, मात्र हमीची रक्कम केवळ २ कोटी ५० लाख ठेवली आणि उरलेली कमाई त्याने सुरू केलेल्या (म्हणजे पहिल्या चेंडूपासून पिचर म्हणून उतरलेल्या) सामन्यांवर आणि टाकलेल्या इनिंगवर सोपवली. पहिल्याच वर्षी त्याने ३२ सामने सुरू केले आणि दोघांचेही भले झाले. बोस्टनने जॉन लॅकीच्या ८ कोटी २५ लाखांच्या करारात अशी अट घातली होती, की जुन्या कोपराच्या दुखण्यामुळे तो दीर्घकाळ बाहेर राहिला, तर संघाला आणखी एक वर्ष लीगच्या किमान पगारात मिळेल. २०१२ चा पूर्ण हंगाम त्याने शस्त्रक्रियेमुळे गमावला आणि २०१५ मध्ये, तोवर तो सेंट लुइसला गेलेला असल्याने, त्या संघाला २.७७ ईआरएचा पिचर सुमारे पाच लाख डॉलरमध्ये लाभला. असे कलम दिसले की समजावे, खरेदीदाराने विचार केलेला आहे.

याउलट, पिचरला मध्येच करार सोडण्याचा हक्क देणारे कलम दिसले तर सावध व्हावे. तो चांगला खेळला तर निघून जातो, दुखावला तर थांबतो, म्हणजे वाईट निकालाचा भार एकट्या संघाकडे राहतो. कराराची लांबीही नीट वाचावी. लक्झरी टॅक्सचा, म्हणजे पगाराची ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या संघावरील कराचा, हिशेब वार्षिक सरासरीवर होत असल्याने, तीच रक्कम अधिक वर्षांत पसरून संघ सरासरी खाली आणतात. त्यामुळे सात वर्षांचा करार म्हणजे सात वर्षे चांगल्या खेळाची अपेक्षा, असा अर्थ लावू नये. पहिल्या तीन-चार वर्षांत मोबदला वसूल होईल का, एवढेच विचारावे. पॅट्रिक कॉर्बिनला वॉशिंग्टनने सहा वर्षांसाठी १४ कोटी डॉलर दिले. २०२२ मध्ये तो १९ सामने हरला, पण २०१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्याने टाकलेल्या तीन निर्धाव इनिंगनंतर त्या शहराला १९२४ नंतरचे पहिले जेतेपद मिळाले होते. मॅक्स शर्झरने तर २१ कोटींच्या करारात दोन साय यंग आणि एक जेतेपद दिले. त्यामुळे मोठा करार करूच नये, असे माझे म्हणणे नाही.

शेवटी संघाची उरलेली फळी पाहावी. हा पिचर एप्रिलमध्येच दुखावला, तर त्याच्या जागी कोण, याचे उत्तर करार करतानाच तयार हवे. टेक्सासने डिसेंबर २०२२ मध्ये चौतीस वर्षांच्या जेकब डिग्रॉमला पाच वर्षांसाठी १८ कोटी ५० लाख डॉलर दिले. मागच्या दोन हंगामांत मिळून त्याने केवळ २६ सामने सुरू केले होते. २०२३ मध्ये सहा सामन्यांनंतर त्याचे कोपर गेले. पण डिग्रॉमच्या कराराच्याच महिन्यात संघाने नेथन इओवाल्डी या पिचरलाही दोन वर्षांसाठी ३ कोटी ४० लाखांत घेतले होते, आणि २०२३ च्या जुलैअखेर शर्झर व जॉर्डन मॉन्टगोमेरी या पिचरना आणले. इओवाल्डीने बाद फेऱ्यांत पाच सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि टेक्सासने आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. डिग्रॉम पूर्ण हंगाम खेळला तो २०२५ मध्ये, ३० सामने सुरू करून.