कॉम्पॅक्टर घ्यायच्या आधी स्लॅबकडे बघा

सांगली-मिरजेत वाडे पाडून फ्लॅट उठतायत, आणि आजोबांनी जमवलेली तैलचित्रं, नाणी, पोथ्या, तंबोरे आता दोन खोल्यांत कसे मावायचे, हे विचारायला लोक येतात. म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकून किंवा नुसत्या आवडीपोटी या कामात उतरणाऱ्यांसाठी लिहितेय. आम्लविरहित कागद, सिलिका जेल, हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी, हे सगळं तुम्हाला शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं. माझ्या शिक्षकांच्या तोंडून ‘वजन’ हा शब्द मात्र कधी ऐकला नाही.

कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारी कपाटं. दर रांगेपुढे वाट सोडायची नाही, सगळ्यांत मिळून एकच वाट. त्यामुळे जवळजवळ निम्मी जागा वाचते, आणि हे कॅटलॉगात ठळक छापतात. त्याच फरशीवर वजनही दुपटीच्या आसपास जातं, ते छापत नाहीत.

हिशोब नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी. राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्यात हाच आकडा आहे. आता एक कपाट घ्या: ०.९ मीटर रुंद, ०.४ मीटर खोल, सहा कप्पे. पुस्तकं किंवा दप्तरं खच्चून लावली की कप्प्याच्या मीटरभर लांबीला साधारण ३० किलो बसतात. ०.९ मीटरच्या सहा कप्प्यांचे झाले साधारण १६० किलो. खालची जागा ०.३६ चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला साडेचारशेच्या घरात, आणि यात पत्र्याचं वजन धरलेलंच नाही. साध्या मांडणीत समोरची मोकळी वाट हा भार वाटून घेते. कॉम्पॅक्टरमध्ये ती वाटच आपण खाऊन टाकतो.

मला हे सांगलीच्या गावभागातल्या एका घरी कळलं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. त्यामुळे मालकांना तळमजल्यावर कागदाचा कपटाही नको होता, आणि त्यांचं चुकत नव्हतं. विक्रेता टेप लावून वरची खोली मोजून गेला. वजनाचं त्यानं विचारलं नाही. कपाटं भरली, आणि काही दिवसांत मधली दोन, हँडलला हात न लावता, खोलीच्या मध्याकडे सरकायला लागली. गवंड्यानं लेव्हल पाइप धरला, तर भिंतीशी आणि मध्यभागी पाण्याच्या रेघेत अर्ध्या पेराचा फरक. स्लॅब वाकला होता, त्यावरचे रूळ वाकले होते, आणि चाकांना तो उतार आमच्या आधी कळला होता. सगळं उपसलं. कपाटं भिंतींच्या कडेनं, बीमवर पांगवली. ‘वाचलेली’ जागा गेली.

सांगलीची खरी गोची इथेच आहे: वजन म्हणतं तळमजला, नदी म्हणते वरचा मजला. त्यातून वाट निघते, घाबरू नका. दगडी मूर्ती खाली राहू द्या. वर कॅनव्हास उभे, जाळीच्या सरकत्या चौकटींना टांगलेले. पैठण्या घडी न घालता नळीवर गुंडाळलेल्या. कागदही वरच, पण कपाटाच्या फक्त खालच्या तीन कप्प्यांत. नाण्यांना हलकं समजू नका, एक खण भरला की दोन माणसं लागतात. साताऱ्याकडे काम असेल तर कपाट भिंतीला जखडा आणि कप्प्याला पुढून पट्टी लावा. १९६७ चा कोयनेचा भूकंप तिकडे अजून कुणी विसरलेलं नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. नाण्यांसाठी पीव्हीसीची पाकिटं स्वस्त पडतात आणि तांब्यावर हिरवा चिकटा आणतात. प्लायवूडचे खण आम्ल सोडतात. डांबर गोळ्या तर नकोतच. आणि रॅक विकणाऱ्याला गुरू करू नका, तो भला माणूस असला तरी. त्यापेक्षा जुन्या दप्तरखान्यातला एखादा निवृत्त कारकून गाठा. कागदांचा कुठला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, कुठल्या फडताळात, हे तो झोपेतही सांगेल. इक्रॉम ही वारसा जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या ‘री-ऑर्ग’ या साठवण लावण्याच्या पद्धतीची कसोटी याहून वेगळी नाही: कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवायला लागू नयेत. खोली भरून झाली की नोंदवहीतला कुठलाही नंबर काढून हे करून बघा. मालकांसमोर करा.

एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधलाही जाऊन या. तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३८ मध्ये संग्रहासाठी टेकडीवर इमारतच उभी केली. जागा वाचवायची नसली की माणूस काय करतो ते दिसेल, जरा हेवाही वाटेल.

पहिलं काम लहान घ्या, एका खोलीचं. ते जमतं, सुरुवातीला मला वाटलं होतं तितकं अवघड नाही. कोटेशनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याचं पत्र हातात आल्याशिवाय रुळांची ऑर्डर देऊ नका. बहुतेक जण तीच ओळ खोडायला सांगतात. “आमचं बांधकाम जुनं आहे, एकदम भक्कम,” असं म्हणतात. तिथे मी काम सोडते.