बोर्ड गेमची बैठक घरी जमवताना

महिन्यातला एकच दिवस कायमचा ठरवा, उदा. दुसरा शनिवार, संध्याकाळी ६ ते ९. दर वेळी सगळ्यांच्या सोयीची तारीख शोधत बसलं की बैठक हमखास बारगळते.

खेळ माणसं मोजून निवडा. कॅटान या बोर्ड गेमच्या मूळ संचात ३ ते ४ जणच खेळू शकतात. सहा जण येणार असतील तर कोडनेम्ससारखा दोन गटांचा खेळ काढा. नाहीतर दोघं नुसते बघत बसतात आणि पुढच्या वेळी फिरकत नाहीत.

नवा खेळ असेल तर आदल्या दिवशी पट मांडून एक डाव एकट्याने खेळून बघा. शिकवताना आधी जिंकायचं कसं ते सांगा (कॅटानमध्ये १० गुण), मग एक पाळी करून दाखवा. कॅटानमध्ये दोन फाशांवर मिळून ७ पडले की हातात सातपेक्षा जास्त पत्ते असणाऱ्याने निम्मे टाकायचे, हा नियम मात्र सुरुवातीलाच सांगा. दोन फाशांची हीच बेरीज सर्वात जास्त वेळा पडते. ऐन वेळी नियम कळला की पत्ते साठवून बसलेला चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तच असतं.

चिवडा, भजी खेळ संपल्यावर. हळद-तेलाचा डाग पडलेला पत्ता पाठीवरूनच ओळखू येतो, मग लपवाछपवीच्या खेळात अर्थ उरत नाही. खेळताना फुटाणे किंवा मखाणे, वाटीत चमच्यासकट. चहा शेजारच्या स्टुलावर. टेबलावर जाड चादर अंथरली की फासे घरंगळत नाहीत आणि पत्ते चटकन उचलता येतात.