राजकीय मालिकेतला एक प्रसंग कसा वाचावा

माध्यमशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी राजकीय मालिकेवर लघुप्रबंध लिहायला घेतलेले विद्यार्थी कोल्हापुरात मला वरचेवर भेटतात आणि बहुतेकांची अडचण एकच असते. प्रॉप, तोदोरोव्ह, बार्थ ही कथन आणि चिन्हांचा विचार मांडणाऱ्या सिद्धांतकारांची नावे परीक्षेपुरती पाठ झालेली असतात, मालिकाही दोन रात्री जागून संपवलेली असते, पण या दोहोंची गाठ कुठे मारायची ते उमगत नाही. मग पहिल्या प्रकरणात सिद्धांत, दुसऱ्यात कथानक आणि तिसऱ्यात ‘अशा प्रकारे हा सिद्धांत येथे लागू पडतो’ एवढे एक वाक्य लिहून काम उरकले जाते. माझ्या मते सिद्धांत जिथे अडतो ती जागा शोधणे हेच या कामातले मुख्य आहे, कारण जो सिद्धांत बिनबोभाट लागू पडतो तो आपल्याला मालिकेविषयी आधी माहीत नसलेले काहीही सांगत नाही.

सुरुवातीला अख्खी मालिका हाताशी घेऊ नये. पहिल्या भागातला तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग निवडावा आणि तो तीनदा पाहावा: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकावा. वहीत तीन रकाने आखून काय दिसले, काय ऐकू आले आणि हा प्रसंग कशाच्या आधी व कशाच्या नंतर येतो, हे वेळेच्या नोंदीसह लिहावे. या टप्प्यावर अर्थ सांगणारे एकही विशेषण वहीत येऊ देऊ नये. ‘धूर्तपणे हसतो’ असे न लिहिता ‘ओठाची एक बाजू वर जाते, नजर समोरच्या माणसावरून हटून कॅमेऱ्याकडे वळते’ असे लिहावे. हे कंटाळवाणे आहे, तरीही टाळू नये, कारण पुढे जो काही अर्थ काढायचा त्याचा पुरावा याच वहीत असणार आहे.

उदाहरणासाठी बीबीसीच्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या मालिकेची सुरुवात घेऊ. १८ नोव्हेंबर १९९० रोजी तिचा पहिला भाग प्रसारित झाला. सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कहार्ट मार्गारेट थॅचर यांचा चौकटीतला फोटो पाहत, कितीही लांब आणि झगमगती कारकीर्द एक दिवस संपतेच, अशा आशयाचे बोलतो आणि थेट प्रेक्षकांकडे पाहू लागतो. तेव्हा थॅचर खरोखरच पंतप्रधान होत्या. चारच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, त्यांनी पायउतार होत असल्याचे जाहीर केले. मालिकेतली एकही चौकट बदलली नव्हती, तरी रविवारी खोडसाळ वाटलेला प्रसंग गुरुवारनंतर बातमीसारखा वाटू लागला असणार. बार्थ ज्याला सांस्कृतिक संकेत म्हणतो, म्हणजे प्रेक्षकाला बाहेरच्या जगाविषयी आधीपासून असलेली माहिती, तो चिन्हाचा अर्थ कसा फिरवतो हे दाखवायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

थेट प्रेक्षकाशी बोलण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही. तमाशातला सोंगाड्या राजाकडे पाठ करून आपल्याशी बोलतो तेव्हा तो आपल्या बाजूने राजाची टिंगल करत असतो. अर्कहार्ट मात्र बोलता बोलता आपल्याला त्याच्या कटात ओढतो, आणि पुढे गुन्हे घडू लागतात तेव्हा आपल्याला ते आधीच ठाऊक असतात. युक्ती एकच असूनही प्रेक्षकाचे स्थान उलटे होते. ही तुलना प्रबंधात जरूर करावी. परक्या मालिकेवर लिहिताना आपल्या रंगभूमीचे दाखले देणे म्हणजे विषय सोडणे, असा एक समज वर्गात असतो आणि तो मला कधीच पटलेला नाही.

आता कथनविचाराकडे वळू. व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांच्या अभ्यासातून ३१ क्रियाघटक, म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, आणि पात्रांची ७ कार्यक्षेत्रे, म्हणजे नायक, खलनायक, मदतनीस यांसारखी कामे, मांडली. यातली कार्यक्षेत्रे म्हणजे माणसे नव्हेत, हे विसरले की घोटाळा होतो: एकच पात्र दोन कामे करू शकते आणि एक काम तीन पात्रांत विभागले जाऊ शकते. म्हणून ‘नायक कोण’ असे न विचारता ‘नायकाचे काम या प्रसंगात कोण करत आहे’ असे विचारावे. अर्कहार्टला नव्या पंतप्रधानाने कबूल केलेले मंत्रिपद दिले जात नाही. लोककथेत अशा उणिवेपासूनच नायकाचा प्रवास सुरू होतो, त्यामुळे कथेच्या रचनेत अर्कहार्ट नायकाच्या जागी बसतो. त्याची कृत्ये मात्र खलनायकाची आहेत, आणि दुसऱ्याच्या हक्काच्या गादीवर दावा सांगणारा म्हणून प्रॉपच्या ‘खोट्या नायका’चे कामही तोच करतो. लोककथेत खोट्या नायकाचे पितळ उघडे पडते तेव्हा गोष्ट संपत येते. इथे ते आपल्यापुढे पहिल्या मिनिटाला उघडे पडलेले असते आणि गोष्ट तिथून सुरू होते. सिद्धांत अडतो तो इथे. राजकीय मालिका हा खोट्या नायकाला मध्यभागी आणणारा प्रकार आहे का, असा प्रश्न यातून तयार होतो, आणि एका प्रकरणाला तेवढा पुरे आहे.

तोदोरोव्हचा आराखडा, म्हणजे समतोल, त्याचा भंग आणि नवा समतोल, विद्यार्थ्यांना सर्वांत सोपा वाटतो आणि म्हणून सर्वांत निष्काळजीपणे वापरला जातो. त्याला एक प्रश्न जोडावा: हा समतोल कोणाच्या सोयीचा होता? शिवाय भंग कशाने झाला ते नेमके लिहावे. ब्रिटिश मालिकेत आणि तिच्या २०१३ सालच्या अमेरिकन अवतारात नाकारलेले पद समतोल मोडते. आपल्याकडच्या दोन मालिका शेजारी ठेवल्या की वेगळेच चित्र दिसते. ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ (२०१९) महाराष्ट्रातल्या बड्या नेत्यावरच्या प्राणघातक हल्ल्याने सुरू होते आणि त्याच्या मागे मुलगी व मुलगा यांच्यात चुरस लागते. ‘महाराणी’त (२०२१) बिहारच्या मुख्यमंत्र्यावर गोळ्या झाडल्या जातात आणि तो घरसंसार सांभाळणाऱ्या पत्नीला आपल्या खुर्चीवर बसवतो. दोन्हीकडे समतोल मोडतो तो गोळीने, आणि जी उणीव निर्माण होते ती पदाची नसून वारसाची असते. कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक यांच्या निवडणुकांत पुढची पिढी पॅनेलमध्ये उतरलेली पाहत आलेल्या आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही, आणि नेमके त्यामुळेच ते प्रबंधात लिहायचे राहून जाते. जे आपल्याला सांगण्याजोगे वाटत नाही त्याखाली वहीत आधी रेघ मारावी.

इथे मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉसच्या विरोधी जोड्या उपयोगी पडतात. घर आणि विधानभवन, मुलगा आणि मुलगी, साहेबांचे माणूस आणि पक्षाचे माणूस, अशा जोड्या लिहून काढणे सोपे असते. त्यापुढे जाऊन पात्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कोणत्या प्रसंगात जाते आणि त्या वेळी दार, उंबरा, गाडी, जिना यांपैकी पडद्यावर काय असते ते पाहावे.

प्रकारविचाराची, म्हणजे मालिका कोणत्या जातकुळीची आहे याची चर्चा ‘ही राजकीय थरारमालिका आहे’ एवढ्यावर थांबू नये. चित्रपट अभ्यासक रिक ऑल्टमन यांनी १९८४ साली सुचवलेला भेद यासाठी फार कामाचा आहे: एकीकडे ओळखीचे घटक, म्हणजे पात्रे, जागा, वेश, वस्तू, आणि दुसरीकडे त्या घटकांची मांडणी. एक घटक धरून तो चार ठिकाणी कुठे बसवला आहे ते पाहावे. मी विद्यार्थ्यांना पत्रकाराचे पात्र घ्यायला सांगतो, कारण ते जवळपास प्रत्येक राजकीय कथेत सापडते. ‘सिंहासन’ हा १९७९ सालचा चित्रपट, मालिका नव्हे, पण मराठीत या प्रकाराचा उगम शोधताना त्याला वगळता येत नाही. त्यात निळू फुले यांनी साकारलेला दिगू सगळे पाहतो, सगळे जाणतो आणि शेवटी भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. ‘हाउस ऑफ कार्ड्स’मधली मॅटी सत्यापर्यंत पोहोचते आणि जिवाला मुकते. डेन्मार्कच्या ‘बोर्गेन’मधली काट्रिन (ही मालिका २०१० साली सुरू झाली) तिसऱ्या पर्वात पत्रकारिता सोडून नायिकेच्या नव्या पक्षाचे काम पाहू लागते. घटक तोच आहे. मांडणी मात्र सत्य कळलेल्या माणसाचे पुढे काय होते याचे तीन वेगळे निकाल देते, आणि त्या त्या समाजाला आपल्या लोकशाहीविषयी काय वाटते हे या निकालांतून वाचता येते. विनोदी मालिकेत हाच हिशेब आणखी वेगळा लागतो. १९८० साली सुरू झालेल्या ‘येस मिनिस्टर’मध्ये प्रत्येक भागाअखेरीस गाडी जवळपास मूळ जागी येऊन थांबते. तिथे नवा समतोल म्हणजे जुनाच समतोल, आणि मंत्री आले-गेले तरी कारभार बदलत नाही हे त्या मालिकेचे म्हणणे तिच्या आकारातच सामावलेले आहे.

चिन्हविचारासाठी घरचे उदाहरण घ्यावे. गुलाल घ्या. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले: साम्याने अर्थ देणारे, प्रत्यक्ष संबंधाने अर्थ देणारे आणि रूढीने अर्थ देणारे. पडद्यावरची गुलालाची प्रतिमा गुलालासारखी दिसते म्हणून पहिल्या प्रकारात मोडते. मिरवणूक संपल्यावर कार्यकर्त्याच्या कानामागे आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली राहिलेला गुलाल तो तिथे होता याचा माग असतो, म्हणजे दुसरा प्रकार. एखाद्या मालिकेत पुढच्या प्रसंगात कोणी ‘मी घरीच होतो’ म्हणत असेल आणि कॅमेरा त्याच्या कानापाशी रेंगाळत असेल, तर संवादाची गरज उरत नाही. विजय म्हणजे गुलाल हा अर्थ रूढीचा, म्हणून तिसरा. पण कोल्हापूरच्या प्रेक्षकाला याच गुलालात वाडी रत्नागिरीचा डोंगर आणि जोतिबाची चैत्र यात्राही दिसते. विजयी उमेदवाराच्या अंगावर उधळला जाणारा गुलाल देवाच्या सासनकाठ्यांवर, म्हणजे यात्रेत नाचवल्या जाणाऱ्या मानाच्या उंच काठ्यांवर, उधळला जातो तोच असल्यामुळे, निवडणुकीतल्या विजयाला एक प्रकारचा कौल मिळाल्याचा रंग चढतो. बार्थने १९५७ साली ‘मिथक’ म्हटले ते हेच: एक तयार चिन्ह उचलून त्यावर दुसरा अर्थ असा चढवायचा की तो कोणी चढवला आहे हे जाणवू नये.

असा अर्थ खरोखर पडद्यावर आहे की आपल्या डोक्यात, हे तपासायला अदलाबदलीची कसोटी वापरावी. प्रसंगातली एकच वस्तू मनातल्या मनात बदलावी. गुलालाऐवजी फुलांच्या पाकळ्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाऐवजी चौकड्यांचा शर्ट, थॅचर यांच्या फोटोऐवजी काल्पनिक पंतप्रधानाचा फोटो. अर्थ बदलला तर ती वस्तू चिन्ह म्हणून काम करत होती. काहीच बदलले नाही तर ती नेपथ्यातली वस्तू आहे आणि तिच्यावर परिच्छेद खर्च करू नये. आपल्या मालिकांच्या आरंभी येणारी ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी या कसोटीला लावून पाहावी. ती काढून टाकली तर प्रेक्षक खऱ्या नेत्याचा शोध घेण्याची शक्यता उलट कमी होते, असे मला वाटते.

माध्यम अभ्यासक स्ट्युअर्ट हॉल यांनी सांगितलेले प्रेक्षकाच्या वाचनाचे तीन पवित्रे, म्हणजे मान्य करणारे, तडजोडीचे आणि विरोधी, लिहून मोकळे होण्याऐवजी तोच प्रसंग घरातल्या दोन पिढ्यांना दाखवावा आणि ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. त्यावरून सर्व प्रेक्षकांविषयी निष्कर्ष काढू नये. आपल्या वाचनात काय सुटले एवढेच त्यातून तपासावे.

लिहिताना प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात नोंदीने करावी, सिद्धांतकाराच्या नावाने नव्हे. एका कच्च्या मसुद्यात असे वाक्य होते: ‘प्रॉपच्या सिद्धांतानुसार अर्कहार्ट हा खलनायक आहे.’ दुरुस्तीनंतर ते असे झाले: ‘पहिल्या प्रसंगात अर्कहार्ट फोटोवरची नजर काढून आपल्याकडे वळवतो आणि आपण त्याच्या बेतात सामील होतो, पुढे पद नाकारले जाते तेव्हा नायकाची उणीव त्याच्याच वाट्याला येते, आणि प्रॉपच्या मांडणीत एरवी शेवटी उघडा पडणारा खोटा नायक येथे सुरुवातीलाच उघड असूनही कथा त्याला बाहेर काढत नाही.’