फोल्डरमधल्या मेलची संख्या चुकतेय? ट्विस्टेड वापरताना या चुका टाळा

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्रा अडत्याला रोज सकाळी एवढंच हवंय: ‘ऑर्डर’, ‘बिलं’ आणि ‘चौकशी’ या फोल्डरांत एकूण मेल किती, न वाचलेले किती. आंबिया बहाराचा माल सुरू झाला की यात चूक परवडत नाही. नजरेतून सुटलेली ऑर्डर म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. पायथनच्या ट्विस्टेड या नेटवर्कची कामं करणाऱ्या लायब्ररीत हे काम थोडक्या ओळींत होतं, पण आकडा चुकायच्या जागाही ठरलेल्या आहेत.

मेल सर्व्हरशी बोलायच्या आयमॅप या पद्धतीत सगळ्यात फसवी जागा सिलेक्ट, म्हणजे फोल्डर उघडायच्या कमांडची. फोल्डर सिलेक्ट केला की सर्व्हर ‘एक्झिस्ट्स’ देतो, ती एकूण संख्या. सोबत ‘अनसीन’ही येऊ शकतो, आणि तो न वाचलेल्यांचा आकडा समजून लोक छापून मोकळे होतात. आयमॅपच्या २००३ च्या मानकात, म्हणजे आरएफसी ३५०१ मध्ये, सिलेक्टच्या उत्तरातला अनसीन हा पहिल्या न वाचलेल्या मेलचा क्रमांक आहे. ४०० मेलपैकी फक्त शेवटचा वाचायचा राहिला असेल तरी ४०० दिसेल! मोजणीसाठी स्टेटस कमांड वापरा आणि तिच्याकडे ‘मेसेजेस’ व ‘अनसीन’ मागा. तिथला अनसीन खरोखरची संख्या असते, आणि फोल्डर उघडावाही लागत नाही. मात्र आधीच सिलेक्ट केलेल्या फोल्डरवर स्टेटस चालवू नका. मानकाचंच तसं सांगणं आहे.

दुसरी गडबड डिफर्डची. स्टेटस मागितल्यावर लगेच हाती येतो तो डिफर्ड, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारी वस्तू. आकडा नंतर कॉलबॅकमध्ये, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये मिळतो. कॉलबॅकच्या आत पुढच्या फोल्डरचा स्टेटस मागितला, पण तो डिफर्ड रिटर्न करायचा राहिला, तर साखळी त्याच्यासाठी थांबत नाही. पुढच्या कॉलबॅकला नन (रिकामी किंमत) मिळतो आणि उत्तर यायच्या आत साखळी पुढे सरकते. कोड वरवर बरोबर दिसत असल्यामुळे ही चूक शोधताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून आधी प्रत्येक कॉलबॅकचा रिटर्न तपासा.

वेगाबद्दलही गैरसमज आहे. पन्नास फोल्डरांचे स्टेटस एकदम मागितले तरी ट्विस्टेडचा आयमॅप क्लायंट एका कनेक्शनवर ते रांगेत लावून एकेक पाठवतो. खरा फायदा वेगवेगळी खाती एकाच वेळी तपासताना होतो.

फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर आयमॅपवर ते सुधारित यूटीएफ-७ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-खुणांत बदलून जातं. पाठवताना ट्विस्टेड हे रूपांतर स्वतः करतं. आपण आधीच करून दिलं तर ते दोनदा होतं आणि फोल्डर सापडत नाही. यादीत ‘नोसिलेक्ट’ खूण असलेली नावं गाळा, त्यांत मेल नसतातच. जीमेलवर सगळ्या फोल्डरांची बेरीजही करू नका. तिथे फोल्डर म्हणजे लेबल, त्यामुळे एकच मेल अनेकदा मोजला जातो.

दर दहा मिनिटांनी तपासणी हवी असेल तर प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं टाइम-स्लीप नको, त्यानं अख्खा रिअ‍ॅक्टर, म्हणजे ट्विस्टेडची सगळी कामं फिरवणारं चक्र अडतं. ठरावीक वेळानं फंक्शन पुन्हा चालवणारा लूपिंगकॉल वापरा आणि फंक्शनमधून डिफर्ड रिटर्न करा, म्हणजे आधीची फेरी संपेपर्यंत पुढची सुरू होत नाही. फक्त एक लक्षात असू द्या: नेट गेलं आणि चूक वर पोचली की लूपिंगकॉल कायमचा थांबतो. एररबॅक, म्हणजे चूक झाल्यावर चालणारं फंक्शन, त्या फंक्शनच्या आतच लावा, आणि त्यात चूक लॉगमध्ये लिहा.