४६ मीटर काळी पट्टी आणि तिच्या शेवटच्या ६६ सेंटीमीटरमधला सह्याद्री

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच राहिल्या. कोडाईकनालच्या मुक्कामात त्यांनी ६ ते १२ वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा पुष्कळ विचार केला. आधी सगळं विश्व मुलांपुढे ठेवायचं, मग त्यातून भूगोल, इतिहास, विज्ञानाच्या वाटा फुटू द्यायच्या. पृथ्वीचं सगळं वय कापडाच्या लांबीत दाखवणारी काळी पट्टी हे त्यातलंच साधन. महाराष्ट्रात ती पायाखालच्या काळ्या दगडाशी आणून सोडली, तर वर्षभर पुरेल एवढं काम निघतं.

९० सेंमी पन्ह्याचं काळं सुती कापड १७ मीटर घ्या. रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटेल आणि सगळी मापं चुकतील. पन्ह्याचे उभे तीन सारखे भाग करून टोकाला टोक शिवा आणि बरोबर ४६ मीटरवर कापा. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं धरलं, की १ मीटर म्हणजे १० कोटी, १ सेंमी म्हणजे १० लाख, १ मिमी म्हणजे १ लाख वर्षं. एका टोकाला ३ मिमी रुंदीत लाल दोऱ्याचे टाके खेटून घाला. ही आपली मानवजात, ३ लाख वर्षांची.

काठीवर गुंडाळताना सुरुवात लाल टोकापासून करा. बहुतेकांचं इथेच चुकतं: लाल टोक बाहेर राहतं आणि पट्टी उलगडण्याआधीच गुपित फुटतं. आवारात ४६ मीटर सलग जागा नसेल, तर सगळी मापं निम्मी करा.

पहिल्या दिवशी पट्टीवर एकही चित्र नको, एकही नाव नको. दोन मुलं काठी धरून चालतील, बाकीची कडेनं. ताईंनी मध्ये बोलू नये. इतकं चालूनही काळंच, हे पायांना कळायला हवं. ‘आता इथे जीव आले’ असं सांगत गेलात, तर मुलं पट्टी सोडून तुमच्याकडे बघतील.

कार्डं दुसऱ्या दिवशी. मापं लाल टोकापासून मागे मोजायची: वातावरणात प्राणवायू साठू लागला तो २४ मीटरवर, जमिनीवरच्या वनस्पती ४.७ मीटरवर, डायनोसॉर २.३ मीटरवर. मुलं हमखास सुरुवातीच्या टोकाकडून मोजतात. लगेच सुधारू नका; डायनोसॉर प्राणवायूच्या आधी आले, की ती स्वतःच थबकतात.

६६ सेंमीवर दोन कार्डं येतील: दख्खनच्या लाव्हाचे थर, ज्यांतून आपला सह्याद्री घडला, आणि डायनोसॉरांचा शेवट. ‘लाव्हानं डायनोसॉर मेले’ असं सांगून मोकळं होऊ नका. मेक्सिकोजवळ आदळलेल्या लघुग्रहाचं कार्डही तिथेच ठेवा आणि मुलांना वाद घालू द्या.

आता खडीच्या ढिगातले काळे दगड हातात द्या. हे त्याच थिजलेल्या लाव्हाचे. त्यांतली बारीक भोकं म्हणजे थिजताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे. हाच दगड झिजून काळी माती झाली. दोन ताटल्यांत काळी माती आणि वाळू, दोन्ही २०० ग्रॅम घ्या, पाणी घालून कालवा, १ सेंमी जाड थापा आणि उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांत काळ्या मातीला भेगा पडतील, वाळूला नाही. काळ्या मातीतले अतिसूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात, वाळताना आकसतात. हीच माती ओल धरून ठेवते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात कोरडवाहू कापूस तगतो. थर पातळ झाला तर भेगा नीट दिसत नाहीत.

तोच दगड पाटा-वरवंट्यात आहे, अजिंठ्यात आहे, वेरूळच्या कैलासातही. आठव्या शतकातलं हे मंदिर डोंगरात वरून खाली कोरलंय. प्रत्येक मुलाला अंगाच्या साबणाची एक वडी आणि बोथट चमचा द्या. कोरायचं फक्त वरून खाली, तुटलेलं परत चिकटवायचं नाही. वडी नवी आणि मऊ हवी. जुनी वाळलेली असेल तर तिचे टवके उडतात. बहुतेकांचे खांब मोडतात, कारण आधी मधला भाग पोखरला जातो आणि खांबांना जागाच उरत नाही. मग दुसरी वडी द्या आणि वरच्या पृष्ठभागावर आधी पेन्सिलीनं नकाशा काढायला सांगा.